खानदेशातील नांदणुकीचे दावे: फारकत, पोटगी आणि संरक्षण आदेश

नवऱ्याची किंवा सासरच्यांची मारहाण सोसणाऱ्या खानदेशातील स्त्रीला गेल्या दोनशे वर्षांत कोणाकडे दाद मागता आली, आणि ती मागितल्यावर तिच्या पदरात नेमके काय पडले, हा प्रश्न धुळे व जळगाव या दोन जिल्ह्यांच्या इतिहासलेखनात क्वचितच विचारला जातो. १८१८ मध्ये इंग्रजी अंमल आला, १९०६ मध्ये जुन्या खानदेश जिल्ह्याचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग होऊन जळगाव आणि धुळे ही त्यांची मुख्य ठिकाणे ठरली, आणि १९९८ मध्ये धुळ्यातून नंदुरबार वेगळा झाला, हे सर्वपरिचित आहे. या काळात विवाहितेचे गाऱ्हाणे ऐकणारी जागा मात्र निदान दोनदा बदलली: आधी जात, मग कचेरीतला दंडाधिकारी, आणि अलीकडे संरक्षण अधिकाऱ्यासह फौजदारी न्यायालय. तरीही २००६ च्या ऑक्टोबरपर्यंत एक गोष्ट जवळजवळ तशीच राहिली, ती म्हणजे जी काही दाद मिळे ती घर सोडलेल्या किंवा घराबाहेर काढलेल्या बाईला मिळे. घरात राहून, राहण्याचा हक्क न सोडता, अंगावर उठणारा हात थांबवून घेण्याचा सोपा कायदेशीर मार्ग तिच्यापुढे नव्हता.

एल्फिन्स्टन मुंबईचा गव्हर्नर असताना त्याच्या सरकारने दख्खनच्या नव्या मुलखातील जातींच्या चालीरीती गोळा करण्याचे काम आर्थर स्टील या अधिकाऱ्याकडे सोपवले आणि १८२७ मध्ये तो संग्रह छापून आला. त्याच वर्षीच्या मुंबई रेग्युलेशनांनी दिवाणी न्यायालयांनी जातीच्या अंतर्गत प्रश्नांत हात घालू नये असेही ठरवले, त्यामुळे लग्न, पाट आणि काडीमोड हे विषय बराच काळ जातीच्या पंचांकडेच राहिले. पाट म्हणजे विधवेचे किंवा नवऱ्याने सोडलेल्या स्त्रीचे दुसरे लग्न. खानदेशात त्याला मोहतूर किंवा गंधर्व असेही म्हटले जाई. ब्राह्मण व त्यांच्या चालीने वागणाऱ्या काही जाती सोडल्या तर या प्रदेशातील बहुसंख्य शेतकरी, कारागीर आणि मजूर जातींत पाटाची मोकळीक होती, आणि जिथे पाट होता तिथे छळ करणाऱ्या नवऱ्यापासून सुटण्याची वाटही होती. पंच बसत, दोन्ही घरची माणसे बोलत, लग्नात दिलेल्या-घेतलेल्याचा हिशेब होई आणि नवऱ्याकडून फारकत, म्हणजे संबंध संपल्याचा लेख किंवा सोडचिठ्ठी, घेतली जाई. सातपुड्यातील भिल्ल व पावरा समाजांत मुलाकडून मुलीच्या बापाला देज देण्याची रीत असल्यामुळे बाई निघून गेली की प्रश्न देज परत करण्याचा होई, आणि ती दुसऱ्याच्या घरी गेली तर त्या दुसऱ्याने पहिल्याची भरपाई करून वाद मिटवावा अशी अपेक्षा असे.

या व्यवस्थेला उदार म्हणण्याचा मोह आवरलेला बरा. पंचांत बाई बसत नसे, तिच्या वतीने बाप किंवा भाऊ बोले, आणि माहेर गरीब असेल तर हिशेब पुरा करण्याचे ओझे तिला परत त्याच घरात ढकलून देई. पण मारणाऱ्यापासून सुटून नवा संसार मांडता येणे ही गोष्ट वरच्या जातीतील स्त्रीला कधीच शक्य नव्हती, आणि इंग्रजी न्यायालयांनी प्रथम जी गोष्ट आवळली ती नेमकी हीच. नवरा सोडचिठ्ठी देत नसेल, तर जातीने परवानगी देऊन बाईला पाट लावू द्यावा, अशी चाल काही जातींत होती. लग्न रद्द ठरवण्याचा किंवा नवरा हयात असताना पत्नीला पुनर्विवाहाची परवानगी देण्याचा जातीचा अधिकार न्यायालय मानणार नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने १८७६ मध्ये स्पष्ट सांगितले. अशा पाटाला भारतीय दंड संहितेतील द्विभार्या-द्विपती विवाहाचा गुन्हा लागू होऊ लागला, आणि तोही बाईलाच, कारण हिंदू पुरुषाला दुसरी बायको करण्यास त्या काळी कोणतीच बंदी नव्हती. नवऱ्याच्या संमतीची फारकत मात्र टिकली. पुढे ती स्टँप पेपरवर लिहिली जाऊ लागली, आणि १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानेही रूढीने मान्य असलेला घटस्फोट कायम ठेवला. जळगाव जिल्ह्यातील लेवा पाटीदार समाजाच्या भोरगाव लेवा पंचायतीसारख्या संस्थेपुढे, जिच्या प्रमुखाला कुटुंबनायक म्हणतात, नांदणुकीचे वाद आजही येतात.

सरकारने एका हाताने ही वाट अरुंद केली आणि दुसऱ्या हाताने पोटगी दिली. पत्नीला व मुलांना सांभाळण्यास कुचराई करणाऱ्या पुरुषाकडून दरमहा ५० रुपयांपर्यंत रक्कम मिळवून देण्याचा अधिकार दंडाधिकाऱ्याला १८६१ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने दिला. १८९८ च्या संहितेत हीच तरतूद कलम ४८८ म्हणून आली. मर्यादा १९२३ मध्ये १०० आणि १९५५ मध्ये ५०० रुपये झाली. तिचा हेतू बाईला न्याय देण्यापेक्षा तिने भिकेला लागून सरकारवर भार होऊ नये असा अधिक होता, आणि म्हणूनच ती फौजदारी संहितेत बसवली गेली. खानदेशातील तालुक्याच्या गावी दंडाधिकारी म्हणजे बहुधा महसूल खात्याचाच अधिकारी असे. प्रांत आणि मामलेदार जमाबंदी पाहत आणि फौजदारी कामेही चालवत. ज्या कचेरीत सारा भरायचा त्याच आवारात बाईने नवऱ्याविरुद्ध अर्ज घेऊन उभे राहायचे, आणि तिच्यासमोर गावचा पाटील, सावकार, भाऊबंद सगळेच कामानिमित्त येऊन बसलेले असायचे. कार्यकारी आणि न्यायिक अधिकारांची ही सरमिसळ मुंबई राज्याने १९५१ च्या कायद्याने मोडली, तेव्हा पोटगीचे अर्ज पूर्णवेळ न्यायिक दंडाधिकाऱ्यांकडे गेले.

कलम ४८८ च्या रचनेतच नवऱ्याचे उत्तर लिहून ठेवलेले होते. पुरेशा कारणाशिवाय नवऱ्याकडे राहण्यास नकार देणारी पत्नी पोटगीस पात्र नव्हती, आणि परस्परसंमतीने वेगळी राहणारीही नव्हती. नवऱ्याने तिला आपल्याकडे ठेवून सांभाळण्याची तयारी दाखवली, तर तिचा नकार सकारण आहे की नाही हे दंडाधिकाऱ्याने तपासायचे होते. त्यामुळे नवऱ्याच्या लेखी म्हणण्यात एक वाक्य ठरून गेले: ‘मी अर्जदाराला नांदवायला तयार आहे.’ हे वाक्य आजही जळगाव, चाळीसगाव, शिरपूर किंवा साक्री येथील न्यायालयांच्या कागदांत ठायी ठायी सापडते. ते खरे असू शकते, आणि काही घरे त्यावर पुन्हा उभीही राहतात. पण मार खाऊन आलेल्या बाईवर मार सिद्ध करण्याचा भार टाकणारे तेच वाक्य आहे, कारण नांदायला जाण्यास नकार का, याचे उत्तर तिला द्यावे लागते आणि चार भिंतींतल्या माराला साक्षीदार नसतो. जोडीला दिवाणी न्यायालयात नांदायला येण्याचा दावा असे, ज्याला कायद्यात वैवाहिक हक्कांची पुनःस्थापना म्हणतात. मुंबईच्या रखमाबाईंवर त्यांचे पती दादाजी भिकाजी यांनी असाच दावा लावला होता, आणि १८८७ मध्ये न्यायालयाने रखमाबाईंना नवऱ्याकडे जा किंवा तुरुंगात जा असे फर्मावले होते. अशा हुकमासाठी बाईला कैदेत टाकण्याची तरतूद १९२३ मध्ये निघाली, दावा राहिला.

स्वातंत्र्याच्या आसपास कायद्यांची रांग लागली. नवरा क्रूरपणे वागत असल्यास वेगळे राहून पोटगी मागण्याचा हक्क हिंदू पत्नीला १९४६ मध्ये मिळाला, मुंबई प्रांताने त्याच वर्षी हिंदूंतील द्विभार्या विवाहास बंदी केली आणि १९४७ मध्ये घटस्फोटाचा कायदा केला. मुस्लिम स्त्रीला क्रूरतेच्या कारणावरून विवाहविच्छेद मागण्याची मुभा १९३९ पासून होती. यांतील प्रत्येक कायदा बाहेर पडण्याचा दरवाजा रुंद करणारा होता, आणि त्याचे मोल कमी लेखता येत नाही. तरीही ज्या बाईला बाहेर पडायचे नव्हते, जिची मुले, चूल आणि शेतातली मेहनत त्या घरात गुंतलेली होती, तिला तो लागू पडत नव्हता.

घरात राहणाऱ्या बाईवरचा मार थांबवण्याचा पहिला मोठा सामूहिक प्रयत्न या प्रदेशात न्यायालयाबाहेर झाला. तो झाला तेव्हाच्या धुळे आणि आजच्या नंदुरबार जिल्ह्यातील शहादा-तळोदा भागात, १९७० च्या दशकाच्या आरंभी. गहाण पडलेल्या आणि बळकावलेल्या जमिनींच्या प्रश्नावर तेथील भिल्ल आदिवासी अंबरसिंग सुरतवंती यांच्या नेतृत्वाखाली संघटित झाले होते, बाहेरून सर्वोदयी आणि डाव्या विचारांचे तरुण कार्यकर्ते येऊन मिळाले होते, आणि १९७२ मध्ये श्रमिक संघटना उभी राहिली होती. तो दुष्काळाचा काळ होता. जमीन, मजुरी आणि रोजगार हमीच्या कामांच्या लढ्यांत आदिवासी स्त्रिया पुढे होत्या, घोषणा देण्यातही आणि जमीनदारांच्या दारात उभे राहण्यातही. १९७३ मध्ये भरलेल्या महिला शिबिरात त्यांनी बोलायला सुरुवात केली ती मजुरीपासून, आणि बोलणे पोहोचले ते दारूपाशी व दारू पिऊन घरी येणाऱ्या नवऱ्यापाशी. त्यानंतर स्त्रियांचे जथे गावोगाव फिरले, दारूची मडकी फोडली, आणि बायकोला मारणाऱ्याला गावासमोर उभे करून त्याच्याकडून माफी आणि पुन्हा हात न उचलण्याची कबुली घेतली. जर्मन समाजशास्त्रज्ञ मारिया मिस यांनी १९७६ मध्ये आणि गेल ऑम्व्हेट यांनी त्यानंतर या चळवळीबद्दल लिहिले, त्यामुळे तिची नोंद जगभर गेली. मराठी वाचकांना मात्र शहाद्याची ओळख जमीन-लढ्यापुरती राहिली, ही खेदाची गोष्ट आहे.

कायद्याच्या भाषेत पाहिले तर शहाद्याच्या स्त्रियांनी जे केले त्यात पुढच्या संरक्षण आदेशाचे बहुतेक घटक होते. बाईला घर सोडावे लागले नाही. मारणाऱ्याला त्याच्याच गावात बंधन घातले गेले. ते बंधन मोडले तर परिणाम होईल याची जाणीव त्याला देण्यात आली. आणि लक्ष ठेवणारी माणसे शेजारच्याच झोपड्यांत राहत होती. नव्हती ती फक्त राज्यसंस्थेची मोहर, आणि आरोपीला आपली बाजू मांडण्याची रीतसर संधी. दुसरी उणीव लहान नाही, आणि जातपंचायतींच्या अतिरेकांचा अनुभव असलेल्या महाराष्ट्राने, ज्याला २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला, ती विसरूही नये. पण जमाव जमवून शिक्षा करणे आणि मारल्या जाणाऱ्या बाईच्या मैत्रिणींनी तिच्या दारात येऊन उभे राहणे या दोन गोष्टी एकाच मापाने मोजता येत नाहीत.

१९८० च्या दशकात हुंडाबळींच्या प्रकरणांनी महाराष्ट्र हादरला आणि देशभरच्या स्त्री-संघटनांच्या रेट्याने १९८३ मध्ये दंड संहितेत कलम ४९८-अ आले, ज्याने पती व त्याच्या नातेवाइकांकडून होणारी क्रूरता हा गुन्हा ठरवला. त्याने पोलीस ठाण्याचे दार उघडले. पण फौजदारी खटल्याचा शेवट नवऱ्याच्या शिक्षेत किंवा सुटकेत होतो, आणि खटला चालू असताना बाई राहणार कुठे, खाणार काय, मुले कोणाकडे, हे त्यात ठरत नाही. २००२ मध्ये सरकारने लोकसभेत मांडलेल्या विधेयकात वारंवार केलेली मारहाणच हिंसा समजावी आणि स्वतःच्या किंवा मालमत्तेच्या रक्षणासाठी उचललेला हात वगळावा अशी भाषा होती. स्त्री-संघटनांनी तिला कडाडून विरोध केला. अखेर कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ हा कायदा मंजूर झाला आणि २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलात आला.

या कायद्याखालील अर्ज प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यापुढे चालतो. बाई स्वतः अर्ज करू शकते किंवा संरक्षण अधिकारी, म्हणजे याच कामासाठी नेमलेला शासकीय अधिकारी, तिच्या वतीने करू शकतो. तिचे म्हणणे ज्या छापील नमुन्यात भरले जाते त्याला कौटुंबिक घटना अहवाल म्हणतात, आणि तो नमुना बारकाईने वाचण्यासारखा आहे. शारीरिक हिंसेचे रकाने अपेक्षित आहेत. पण त्यापुढे लैंगिक हिंसा, मुलगा झाला नाही किंवा हुंडा आणला नाही म्हणून दिलेले टोमणे, घराचा एखादा भाग वापरू न देणे, रोजच्या वापरातल्या वस्तूंना हात लावू न देणे, जेवणखाणाला व औषधाला पैसे न देणे, नोकरी करू न देणे आणि मजुरीचे पैसे काढून घेणे हे सगळे वेगवेगळे नोंदवण्याची सोय आहे. कापूस वेचून आणलेली मजुरी संध्याकाळी नवऱ्याच्या हातात द्यावी लागणे हे जळगाव-धुळ्याच्या गावांत इतके नेहमीचे आहे की त्याबद्दल तक्रार करता येते हेच अनेक बायकांना तो नमुना भरताना प्रथम कळते.

संरक्षण आदेशाने न्यायालय सामनेवाल्याला हिंसा करण्यास, तिच्या कामाच्या ठिकाणी जाण्यास, तिच्याशी संपर्क साधण्यास, संयुक्त मालमत्ता किंवा तिचे स्त्रीधन विकण्यास मनाई करते. निवास आदेशाने तिला घराबाहेर काढण्यास बंदी होते, आणि गरज पडल्यास पुरुषाला घर सोडण्यास सांगता येते. स्त्रीविरुद्ध मात्र घर सोडण्याचा असा आदेश देता येत नाही, म्हणून सासू आणि नणंद घरातच राहतात. पैशाची मदत, मुलांचा ताबा आणि नुकसानभरपाई याच अर्जात मागता येते. शपथपत्रावरून हिंसेचा धोका दिसला तर दुसऱ्या बाजूची वाट न पाहता एकतर्फी अंतरिम आदेश देता येतो. पहिली तारीख साधारणतः तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत लागावा अशी कायद्याची अपेक्षा आहे. पण अर्जांचे तारखांवर तारखा घेत वर्षानुवर्षे रेंगाळणे हे या कायद्याचे सर्वांत मोठे दुखणे आहे, आणि त्याचा जाच दोन्ही बाजूंना होतो.

नोटीस मिळालेल्या नवऱ्याला वकिलामार्फत लेखी म्हणणे देता येते, एकतर्फी आदेश उठवण्याचा किंवा बदलण्याचा अर्ज करता येतो, आणि आदेशाविरुद्ध तीस दिवसांत सत्र न्यायालयात अपील करता येते. अनेकदा नोटिशीत नवऱ्यासह सासू, सासरे, दीर, लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेली नणंद अशी सगळ्यांची नावे येतात. ज्यांचा घराशी रोजचा संबंध नाही त्यांना वगळून घेण्यासाठी उच्च न्यायालयात जावे लागते, आणि खानदेशासाठी ते १९८० च्या दशकापासून औरंगाबादचे खंडपीठ आहे. हे कामकाज मुख्यतः दिवाणी स्वरूपाचे असले तरी ते रद्द करून मागण्यासाठी उच्च न्यायालयाच्या अंगभूत अधिकारांकडे जाता येते, असा निर्वाळा मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०१८ मध्ये नागपुरात दिला.

सर्वांत चिवट भांडण घरावरून झाले. कायदा पत्नीला ‘सामायिक घरात’ राहण्याचा हक्क देतो. पण सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००६ मध्ये, कायदा लागू होऊन दोन महिने होत नाहीत तोच, दिल्लीच्या एका प्रकरणात असे ठरवले की नवऱ्याच्या मालकीचे, भाड्याचे किंवा त्याचा वाटा असलेल्या एकत्र कुटुंबाचे घर तेवढेच सामायिक, सासू-सासऱ्याच्या नावचे नव्हे. रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात किंवा शिंदखेड्याच्या कोरडवाहू गावात याचा अर्थ काय होतो, ते ग्रामपंचायतीच्या नमुना आठच्या उताऱ्यावरून समजते. घर बहुधा सासऱ्याच्या नावावर असते, सातबाराही त्याच्याच, आणि तिशी-चाळिशीचा नवरा कागदोपत्री निर्धन. ‘घर वडिलांचे आहे, शेती वडिलांची आहे, मी मजुरी करतो’ हे उत्तर चौदा वर्षे पुरत राहिले. १५ ऑक्टोबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो निर्णय चुकीचा ठरवला आणि पत्नी ज्या घरात संसार म्हणून राहिली ते घर सासऱ्याच्या नावचे असले तरी सामायिक असू शकते असे सांगितले, मात्र वृद्ध सासू-सासऱ्यांच्या हक्कांचाही तोल राखण्यास बजावले. त्याच वर्षी ४ नोव्हेंबरला महाराष्ट्रातील एका पोटगीच्या प्रकरणात न्यायालयाने दोन्ही पक्षांनी मालमत्ता व उत्पन्नाचे शपथपत्र देणे बंधनकारक केले आणि शेतकरी पक्षकारांसाठी वेगळा नमुना जोडला. एकत्र जमिनीतला हिस्सा लपवून मजूर म्हणवून घेणे त्यामुळे पूर्वीइतके सोपे राहिलेले नाही.

खानदेशाला या कायद्याची आणखी एक तरतूद विशेष उपयोगी पडते. ताप्ती खोऱ्यातून सुरतेला जाणारी रेल्वे विसाव्या शतकाच्या तोंडावर झाली आणि पुढे सुरतेच्या कापड गिरण्यांनी व यंत्रमागांनी अमळनेर, शिंदखेडा, नंदुरबार भागातील हजारो कुटुंबे ओढून नेली. उधना आणि लिंबायत या वस्त्यांत आज अहिराणी सर्रास ऐकू येते. लेक सुरतेला देणे ही त्यामुळे गावोगावची रीत झाली. मार खाऊन परतलेल्या अशा लेकीला पूर्वी गुजरातेत तारखांना जाणे परवडत नसे. आता ती तात्पुरती जिथे राहते तिथल्या दंडाधिकाऱ्याकडे, म्हणजे माहेरच्या तालुक्याला, अर्ज करू शकते, आणि त्याने दिलेला आदेश देशभर लागू असतो.

संरक्षण आदेश मोडणे हा दखलपात्र व अजामीनपात्र गुन्हा आहे आणि त्याला एक वर्षापर्यंत कैद, वीस हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहेत. तिथपर्यंत प्रकरण जाण्याआधी घरी जाऊन पाहणारा, नोटीस बजावणारा, बाईला दवाखान्यात किंवा आधारगृहात पोहोचवणारा माणूस म्हणजे संरक्षण अधिकारी. महाराष्ट्र शासनाने सुरुवातीला हा भार तहसीलदार, नायब तहसीलदार, गटविकास अधिकारी अशा आधीच कामाने वाकलेल्या अधिकाऱ्यांवर अतिरिक्त म्हणून टाकला, आणि बाईचा अर्ज पुन्हा त्याच महसूल कचेरीत जाऊन पडला जिथून तो १९५१ नंतर बाहेर निघाला होता. पुढे महिला व बालविकास विभागाकडे स्वतंत्र अधिकारी आले, तरी एका तालुक्याच्या शंभरावर गावांना एक माणूस पुरत नाही. प्रश्न एकट्या महाराष्ट्राचा नाही. जिथे नेमणुका झाल्या नव्हत्या तिथे जिल्हा व तालुका पातळीवर संरक्षण अधिकारी सहा आठवड्यांत नेमावेत, असे सर्वोच्च न्यायालयाला मे २०२५ मध्ये राज्यांना सांगावे लागले, तेव्हा कायद्याच्या अंमलाचे एकोणिसावे वर्ष चालू होते.